स्कूल बसचे ‘पासिंग’ म्हणजे नेमके काय? मुलांच्या गाडीचा फिटनेस मोबाइलवर असा तपासा

जूनमध्ये शाळेची घंटा आणि कोकणातला पाऊस साधारण एकाच सुमारास सुरू होतात. नाते, पाचाड, महाड, पोलादपूर या पट्ट्यात याचा अर्थ सरळ आहे : मुलांनी भरलेल्या गाड्या ओल्या, वळणावळणाच्या रस्त्यांवर धावू लागतात. गाडीवर ‘स्कूल बस’ लिहिलेले असते, पिवळा रंग असतो, कागदपत्रांत फिटनेस प्रमाणपत्रही असते. पण हे प्रमाणपत्र नेमके काय सांगते, आणि काय सांगत नाही?

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५६ नुसार प्रत्येक परिवहन वाहनाकडे वैध फिटनेस प्रमाणपत्र असावे लागते. ते नसेल तर गाडीची नोंदणीच वैध मानली जात नाही. ‘बस शाळेच्या मालकीची आहे, भाड्याची नाही’ ही सबब इथे चालत नाही. शैक्षणिक संस्थेची बसही याच कायद्यात परिवहन वाहन ठरते.

नव्या गाडीला पहिली दोन वर्षे वेगळे पासिंग लागत नाही. त्यानंतर गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी ते करावे लागते. फिटनेस नसताना गाडी चालवली तर कलम १९२ नुसार पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी याच मुद्द्यावर वाद घालू शकते, ते वेगळेच.

पासिंगला काय तपासतात?

महाड तालुक्यातील गाड्या ‘एमएच-०६’ म्हणजे पेणच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या कक्षेत येतात. मोटार वाहन निरीक्षक ब्रेक, स्टेअरिंग, पाटे, टायर, दिवे, वायपर, हॉर्न, धूर, रिफ्लेक्टर आणि वेगनियंत्रक पाहतात. स्कूल बस असेल तर त्यात संकटकालीन दरवाजा, अग्निशामक आणि प्रथमोपचार पेटी यांची भर पडते.

यात सर्वांत महत्त्वाचा ब्रेक. पासिंग करणाऱ्या आरटीओंकडे ब्रेक तपासण्यासाठी २५० मीटरचा ट्रॅक असलाच पाहिजे, हा मुद्दा जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. न्यायालयाच्या आदेशानंतर ट्रॅक नसलेल्या काही कार्यालयांतील पासिंग बंद झाले आणि गाड्यांना दुसरीकडे जावे लागले.

स्वयंचलित चाचणी केंद्रांत ही तपासणी यंत्रावर होते. गाडीची चाके रोलरवर येतात. मोटर रोलर फिरवते, चालक ब्रेक दाबतो आणि प्रत्येक चाकाने रोलर किती जोराने अडवला ते यंत्र मोजते. डाव्या-उजव्या चाकांत फरक असेल तर ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते. कोरड्या सरळ रस्त्यावर चालक स्टेअरिंगने ते सावरून घेतो. ओल्या वळणावर तेवढी सवड मिळत नाही.

घाटातली गाडी आणि सपाट ट्रॅक

अडचण इथेच आहे. ट्रॅक सपाट असतो, घाट नसतो. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला की लायनर आणि ड्रम तापतात आणि पकड कमी होत जाते. काही सेकंदांच्या चाचणीत हे दिसत नाही. म्हणूनच ज्या गिअरमध्ये गाडी चढवायची त्याच गिअरमध्ये ती उतरवायची, हा घाटातल्या चालकांचा जुना नियम आहे. पावसाळ्यात पाणी साचलेल्या रस्त्यातून गेलेल्या गाडीचे लायनर, बेअरिंग आणि वायरिंग पुन्हा तपासावे लागते. जुलै २०२१ च्या पुरात महाड शहर पाण्याखाली गेले होते. अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी बाहेरून धुतली की चकचकीत दिसते, आतला गंज दिसत नाही.

थोडक्यात, प्रमाणपत्र एका दिवसाची स्थिती सांगते. त्या दिवसानंतरचे ३६४ दिवस गाडी कुणी पाहिली, हा प्रश्न उरतोच.

घाटातल्या चुकीला माफी नसते, हे पोलादपूरकरांना वेगळे सांगायला नको. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची बस दरीत कोसळली. बसमधील एक जण वगळता सगळ्यांचा मृत्यू झाला.

पांढरी पाटी की पिवळी?

गाडीची नंबरप्लेट पाहा. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे परिवहन वाहन. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी. तिची नोंदणी १५ वर्षांची असते आणि मधल्या काळात तिला पासिंगच नसते. मुलांकडून महिन्याचे भाडे घेऊन पांढऱ्या पाटीची व्हॅन धावत असेल तर ती बेकायदा आहेच. पण तिचे ब्रेक कोणत्याही निरीक्षकाने पाहिलेले नसण्याची शक्यता हा त्याहून मोठा धोका आहे.

पालकांनी काय करावे?

• ‘एमपरिवहन’ ॲपमध्ये गाडीचा नंबर टाका. फिटनेस, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत वैध आहे ते दिसते. तारीख शैक्षणिक वर्षाच्या मध्येच संपत असेल तर आधीच विचारणा करा.

• टायर हाताने पाहा. नक्षी झिजून गुळगुळीत झालेला टायर ओल्या रस्त्यावर घसरतो.

• संकटकालीन दरवाजा आतून उघडतो का, की त्याच्यासमोर दप्तरे आणि जादा सीट आहे, ते बघा.

• बसमध्ये महिला मदतनीस आहे का ते विचारा. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमावलीत तशी तरतूद आहे.

• याच नियमावलीनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते आणि त्यात पालकांचा प्रतिनिधी असतो. समितीची शेवटची बैठक कधी झाली आणि तिने कोणत्या गाड्यांची कागदपत्रे पाहिली, हे विचारण्याचा पालकांना अधिकार आहे.

तक्रार केली तर शाळेची गाडीच बंद पडेल?

गावात हीच भीती असते. एसटीच्या वेळा जुळत नाहीत, दुसरी गाडी नाही, म्हणून पालक गप्प बसतात. त्यामुळे पहिली पायरी तक्रारीची नाही, दुरुस्तीची असावी. दोष लेखी कळवा, मुदत ठरवा, आणि दुरुस्त झालेली गाडी समितीसमोर पुन्हा पाहा. तरीही काही झाले नाही तर गाडीच्या नंबरसह आरटीओकडे अर्ज करता येतो. गाडी नियमांत बसत नसल्याचे आढळल्यास मुदत शिल्लक असतानाही प्रमाणपत्र रद्द करण्याचा अधिकार कलम ५६ मध्येच दिलेला आहे.

लायनर बदलायला आणि दोन टायर घालायला एखाद-दुसरा दिवस जातो. तेवढे दिवस मुलांची पर्यायी सोय करणे सगळ्या पालकांनी मिळून ठरवले, तर नात्यासारख्या गावातही ते अवघड नाही.