औषधाच्या आधीपासूनचे विकर

प्रतिजैविकांच्या अतिवापरामुळे जीवाणू प्रतिकार नव्याने ‘शिकतात’, हे अर्धसत्य आहे. पेनिसिलिन नष्ट करणारे जीवाणूंचे विकर अब्राहम आणि चेन या संशोधकांनी १९४० मध्येच नोंदवले. ऑक्सफर्डमध्ये रुग्णाला पेनिसिलिनचे इंजेक्शन मिळाले ते १९४१ मध्ये. बीटा-लॅक्टमेज गटातले हे विकर औषधाच्या रेणूतले चौकोनी वलय फोडते आणि औषध निकामी होते. मग दोष आपला नाहीच? आहे, आणि मोठा आहे. प्रत्येक अनावश्यक गोळी दुबळ्या जीवाणूंना मारून विकरधाऱ्यांना मोकळे रान देते. या विकरांची जनुके प्लास्मिडवरून, म्हणजे डीएनएच्या छोट्या कड्यांवरून, दुसऱ्या जातींतही जातात. औषधाला विकर रोखणाऱ्या क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाची जोड आहेच, असे कोणी म्हणेल. पण जस्ताच्या आधारे चालणाऱ्या ‘एनडीएम’ विकरापुढे तीही हतबल ठरते. सर्दी विषाणूंमुळे होते; तिच्यासाठी डॉक्टरांकडे प्रतिजैविक मागू नका.