यंत्राचा सल्ला कच्चा, डॉक्टरची सही पक्की

व्यापारी आणि कारागीर आजारपणाला सहसा वेळ देत नाहीत. जालन्यात लग्नसराईचा माल उतरत असेल किंवा भोकरदन, परतूरच्या बाजाराला निघायचे असेल, तर दवाखान्यातील रांग नकोशी वाटते. शिलाई काम करणाऱ्याची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. म्हणून हल्ली नवीन सवय लागली आहे. डोके दुखले, पोट बिघडले की मोबाईलवरील चॅटबॉटला विचारायचे. मराठीत विचारा, उर्दूत विचारा, उत्तर लगेच हजर. ही सोय वाईट नाही. परंतु या सल्ल्याची किंमत किती, हे समजून घेणे आवश्यक आहे.

आमच्या दुकानातील मास्तरांना अनेक वर्षांपासून मधुमेह आहे. मागच्या रमजानमध्ये त्यांनी मोबाईलला विचारले, "सकाळची साखरेची गोळी केव्हा घ्यावी?" उत्तर आले, सहरीच्या वेळी घ्या. गोळी कोणती, हे यंत्राने विचारले नाही आणि मास्तरांनी सांगितले नाही. दुपारी मशीनवर बसल्या बसल्या त्यांना घाम सुटला, हात थरथरू लागले. साखर खाली गेली होती. तोंडात साखर घालून रोजा सोडवला आणि डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर म्हणाले, "ही गोळी साखर वेगाने उतरवते. दिवसभर उपाशी राहणाऱ्याला सहरीला पूर्ण मात्रा देता येत नाही. रमजानच्या आधीच यायचे होते." त्यांनी गोळीची वेळ आणि मात्रा दोन्ही बदलली.

यंत्र मुद्दाम खोटे बोलले असे नाही. लाखो पानांच्या मजकुरावरून शिकून ते शब्दांना शब्द जोडते. ते नाडी पाहत नाही, रिपोर्ट मागतेच असे नाही आणि चुकले तरी तितक्याच खात्रीने बोलते. अमेरिकेत साठ वर्षांच्या एका गृहस्थाने जेवणातील मीठ सोडायचे ठरवले. चॅटबॉटशी सल्लामसलत केल्यावर त्याने मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड खाण्यास सुरुवात केली. तीन महिन्यांनी भ्रमिष्ट अवस्थेत त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले. ही हकिगत २०२५ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

आपल्या देशात याबाबतचा नियम स्पष्ट आहे. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यानुसार कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला रुग्णास सल्ला देण्याची किंवा औषध लिहून देण्याची परवानगी नाही. हा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरचाच. यंत्र डॉक्टरला मदत करू शकते, डॉक्टरची जागा घेऊ शकत नाही.

मग यंत्राचा उपयोग कसा करावा? बंगळुरूच्या शंकरा आय हॉस्पिटलमध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या मदतीने एक चांगला प्रयोग झाला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे रुग्ण व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न विचारत. रुग्णालयाने दिलेल्या माहितीतून यंत्र उत्तर देई आणि तेच उत्तर तपासणीसाठी डॉक्टरकडे जाई. बरोबर असेल तर हिरवी खूण येई, चूक असेल तर दुरुस्त उत्तर रुग्णाला मिळे. आपल्या भाषेत सांगायचे तर यंत्राने कच्चे बिल केले, डॉक्टरने तपासून पक्के केले.

आपल्यासाठी हाताशी असलेली सोय म्हणजे सरकारची ई-संजीवनी. मोबाईल क्रमांकाने नोंदणी करावी, टोकन घ्यावे आणि व्हिडिओवर डॉक्टरशी बोलावे. फी नाही. औषधाची चिठ्ठी मोबाईलवरच मिळते. येथेही यंत्र लक्षणांची माहिती मांडून डॉक्टरला संभाव्य आजार सुचवते, पण निर्णय डॉक्टरचाच असतो.

व्यापारी व कारागीर बांधवांनी पुढील एहतियात पाळावी:

१. छातीत दुखणे, श्वास लागणे, तोंड वाकडे होणे, शुद्ध हरपणे अशा वेळी मोबाईलला विचारत बसू नये. ताबडतोब १०८ ला फोन करावा.

२. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार, गरोदर स्त्री आणि लहान मूल यांच्या बाबतीत यंत्राच्या सांगण्यावरून औषध सुरू करू नये, बंद करू नये, मात्राही बदलू नये.

३. यंत्राकडून औषध मागू नये. "डॉक्टरला कोणते प्रश्न विचारू?", "या रिपोर्टमधील शब्दाचा अर्थ काय?" असे विचारावे. रिपोर्ट पाठवताना नाव व आधार क्रमांक झाकावा.

४. वय, जुने आजार, चालू गोळ्यांची नावे, कशाची अ‍ॅलर्जी आहे आणि साखरेचे आकडे वेळेसह एका कागदावर लिहून ठेवावेत. पाच मिनिटांच्या भेटीत डॉक्टरला हाच कागद सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

५. मधुमेहाच्या रुग्णांनी रमजानच्या महिना-दीड महिना आधी डॉक्टरला भेटून रोजा ठेवता येईल का, हे विचारावे.

कोणी मोबाईलवरील इलाज सांगितला तर एकच प्रश्न विचारावा, "हे कोणत्या डॉक्टरने पाहिले आहे?" उत्तर नसेल तर तो माल बिनसहीचा समजावा. बिनसहीची हुंडी आपण घेत नाही. मग बिनसहीची गोळी का घ्यावी?