अंगावर लवकर येणाऱ्या घोड्याला हिवाळ्यात कोणता चारा द्यावा?



दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार असतो. त्याआधी घोडा भरलेला दिसावा म्हणून चंदी वाढवली जाते. याच दिवसांत ऊसतोड चालू असते, वाढेही सहज मिळतात. पण थोड्या खाण्यावर अंग धरणाऱ्या घोड्याला हे दोन्ही महागात पडतं. साखर आणि पिष्ट जास्त झालं की खुरांच्या आत सूज येते (लॅमिनायटिस) आणि चांगलं जनावर कायमचं लंगडं होऊ शकतं.

त्याला उपाशी ठेवू नका. चारा बदला आणि मोजून द्या.

*वजन जास्त आहे का?*
हिवाळ्यात केस वाढतात, नुसतं बघून कळत नाही. बरगड्या हाताने चाचपा. दाबूनही लागत नसतील, आयाळीखालची मान जाड-कडक झाली असेल, तर वजन जास्त आहे.

*अंदाजे वजन काढा*
छातीचा घेर × घेर × लांबी (खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत) ÷ ११,८८०. मापं सेंटिमीटरमध्ये घ्या.
उदा. घेर १६०, लांबी १५० असेल तर वजन सुमारे ३२३ किलो.

*किती द्यायचं?*
वजनाच्या दीड टक्का सुका चारा. वरच्या घोड्याला रोज साधारण ५ किलो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय याहून कमी करू नका. ३-४ वेळा विभागून, शक्यतो बारीक जाळीतून द्या. घोड्याचं पोट फार वेळ रिकामं राहू नये.

*काय द्यावं, काय टाळावं?*
१. सुकं डोंगरी गवत (मारवेल, पवना): हाच मुख्य चारा. कुसळं असलेलं नको, तोंडात रुततात. तासभर भरपूर पाण्यात भिजवून, पाणी ओतून दिलं तर साखर कमी होते.
२. कडबा: वाळलेला, थोडाच. हिरवी ज्वारी नको. ती सतत खाल्ल्याने घोड्याचे मागचे पाय लुळे पडतात, लघवी थांबत नाही.
३. लसूणघास: पोटभर नको. पण त्यात कॅल्शियम चांगलं असतं, म्हणून रोज एखादी लहान पेंढी चालेल.
४. उसाचे वाढे: बंद. साखर असतेच, शिवाय त्यातलं ऑक्झालेट कॅल्शियम अडवून ठेवतं.
५. नेपियर: यातही ऑक्झालेट असतं. एकट्या नेपियरवर ठेवलेल्या घोड्याची हाडं कमजोर होतात.
६. हरभरा, मका, गहू, गूळ: बंद. मीठ आणि मिनरल मिक्स्चर मात्र चालू ठेवा.
७. गाई-कोंबड्यांचं तयार खाद्य: कधीच नको. काहींमध्ये मोनेन्सिन असतं, ते घोड्याला जीवघेणं आहे.
८. बुरशी आलेला चारा: फेकून द्या.

कोणताही बदल एकदम करू नका, १० दिवसांत हळूहळू करा. नाहीतर पोटशूळ उठतो. पाणी कायम समोर ठेवा. थंडीत घोडा पाणी कमी पितो, कोमट दिलं तर बरं.

*ही लक्षणं दिसली तर थांबू नका*
पुढचे खूर गरम लागणं, वळताना अडखळणं, पुढचे पाय पुढे टाकून मागच्या पायांवर भार घेणं. घोड्याला चालवू नका, मऊ जागेवर उभा करा, चंदी आणि हिरवा चारा बंद करा आणि लगेच पशुवैद्यकांना बोलवा. शासकीय टोल फ्री क्रमांक: १९६२.

घोडा पाळणाऱ्या इतर सभासदांनाही हा संदेश पाठवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी