एकच बी, चार जमिनी
दाखल्यांची शिकवण : लेखांक ६

मागील लेखात आपण चांगल्या शोमरोन्याचा दाखला पाहिला. ‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नाला येशूने दिलेले उत्तर ऐकणाऱ्या जवळजवळ सगळ्यांना पटते. पण ते ऐकून घरी गेलेली माणसे सारखी वागत नाहीत. असे का होते, हे पेरणाऱ्याच्या दाखल्यातून समजून घेऊ.

मत्तय १३, मार्क ४ आणि लूक ८ या तिन्ही ठिकाणी हा दाखला आहे. गालीलातला शेतकरी मुठीने बी फोकत चालला आहे. काही बी वाटेवर पडते आणि पाखरे ते टिपतात. काही खडकाळ जागी पडते, तिथे माती थोडी म्हणून लवकर उगवते आणि ऊन लागताच करपते. काही काटेरी झुडपांत पडून गुदमरते. उरलेले चांगल्या जमिनीत पडते आणि तीसपट, साठपट, शंभरपट पीक देते. या दाखल्याचा उलगडा येशूने शिष्यांना स्वतःच करून दिला आहे.

वाटेची जमीन पायांखाली तुडवून तुडवून घट्ट झालेली असते. दर रविवारी तेच वचन ऐकून आपले कानही असेच निबर होतात. ‘हे ठाऊक आहे’ असे मनात आले की ऐकणे तिथेच संपते. खडकाळ जमिनीत उत्साह भरपूर असतो, पण मुळे नसतात. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे बाप्तिस्मा घेणाऱ्याला घर, पंगत आणि पाणवठा तुटण्याची किंमत द्यावी लागे. वारसाहक्कही जाई, म्हणून १८५० साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. इतके ऊन सोसायचे तर मुळे खोलच हवीत.

काटेरी जमिनीकडे मात्र आपण नीट पाहत नाही. ती नापीक नसते. जिथे काटे जोमाने वाढतात, तिथे धान्यही वाढले असते. संसाराची चिंता आणि पैशाचा मोह हे काटे येशूने सांगितलेच आहेत. आपल्याकडे त्यात जातीची भर पडली. प्रभुभोजनाला एका मेजाशी येणारी कुटुंबे सोयरीक जुळवताना पूर्वीची जात विचारतात, हे आपल्या मंडळ्यांतले उघड सत्य आहे. तिथे वचन उगवलेले असते, पण त्याला कणीस धरत नाही.

चांगल्या जमिनीतही पीक एकसारखे येत नाही. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही, पण ‘गुलामगिरी’त येशूला बळीराजाच्या पंक्तीला बसवले. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. चर्चचा प्रत्येक सिद्धांत मात्र त्यांनी मुकाट्याने मान्य केला नाही, त्यावर पत्रांतून वाद घातला. पुढे दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुलींना त्यांनी केडगावच्या मुक्ती सदनात आसरा दिला. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि येशूची भक्ती अभंगांतून व कीर्तनांतून गायली.

आता टिळकांच्या घरात डोकावू. नवऱ्याच्या धर्मांतराने लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंचे सोवळे सुटले नव्हते. दुसऱ्याच्या हातचे पाणी घ्यायचे की नाही, हा त्यांच्यापुढचा रोजचा प्रश्न होता. जातिभेद देवाने केलेला नाही, तो माणसाने केला, हे त्यांना विचारांती पटले आणि मग त्यांनी कोणाच्याही हातचे खायला सुरुवात केली. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली, पतीनंतर पाच वर्षांनी झाला. ‘स्मृतिचित्रे’त हा प्रवास त्यांनी मोकळेपणाने सांगितला आहे. आधी वाटेसारखी घट्ट वाटणारी हीच जमीन पुढे इतकी पिकली की, टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

म्हणून या दाखल्यावरून शेजाऱ्याची जमीन ठरवायला जाऊ नये. चारही जमिनी एकाच माणसात असू शकतात. प्रार्थनेत मऊ असणारे मन भावाशी जमिनीच्या वाटणीची बोलणी करताना खडक होते. क्षमेवर सुरेख बोलणारा माणूस मोलकरणीची मजुरी कापतो. वचनाला आपण काय उत्तर दिले, हे उपासनेतल्या ‘आमेन’वरून कळत नाही, ते स्वयंपाकघरात, व्यवहारात आणि सोयरिकीत दिसते. घट्ट जमीन नांगरता येते, काटे उपटता येतात. ते काम करायचे की नाही, हे मात्र आपल्याच हाती आहे.

वाचकांना विनंती आहे की, या आठवड्यात हा दाखला घरात मोठ्याने वाचा, आपल्या जमिनीतला एक काटा नाव घेऊन ओळखा आणि तो उपटायला लागा. पुढील लेखात मोहरीच्या दाण्याचा दाखला पाहू.