खांबावरून खांबावर सरकणारं सेंट्रिंग

अकोल्याहून निघालं, पातूर मागे टाकलं आणि घाट चढला की मेडशी येते. राष्ट्रीय महामार्ग 161 इथून मालेगाव, वाशीम, हिंगोली करत नांदेडकडे जातो. या पट्ट्यात पूल बांधायचा म्हणजे दोन गोष्टींशी गाठ असते. एक म्हणजे काळी माती. ती पावसात फुगते, मऊ पडते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडून बसते. दुसरी गोष्ट म्हणजे ओढे. वर्षातले कित्येक महिने कोरडे आणि मृगानंतर एखाद्या दिवशी तासाभरात दुथडी भरून वाहणारे.

पुलाचा स्लॅब जागेवरच ओतायचा, तर काँक्रीट घट्ट होईपर्यंत त्याला खालून धरून ठेवावं लागतं. ते काम सेंट्रिंगचं. जमिनीवर फळ्या, फळ्यांवर लोखंडी टेकू, त्यांवर आडव्या तुळया आणि वर शटरिंगचे पत्रे. एक घनमीटर काँक्रीटचं वजन साधारण अडीच टन. दोन खांबांमधला गाळा 40 मीटरचा आणि त्यात 300 घनमीटर काँक्रीट धरलं, तर साडेसातशे टनांचा भार एका दिवसात या टेकूंवर चढतो. खालची काळी माती एका पावसाने काही मिलिमीटर खचली, तरी अर्धवट घट्ट झालेल्या काँक्रीटला तडा जायला तेवढं पुरतं. पूर आला तर टेकूच वाहून जायचे. म्हणूनच अशी कामं पावसाच्या आत उरकायची धावपळ चालते. खांब पन्नास-साठ मीटर उंच असतील, तर एवढे उंच टेकू रचणं परवडतही नाही आणि सुरक्षितही राहत नाही.

या अडचणीवरचं उत्तर साठ वर्षांहून जुनं आहे. पश्चिम जर्मनीत ऱ्हाईनकाठच्या आंडरनाख गावाजवळ, टेकडीच्या उतारावरून जाणारा क्रानेनबर्गचा पूल 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला बांधला गेला. हान्स विटफोट या अभियंत्याचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. उतारावर टेकू उभे करण्यापेक्षा सेंट्रिंगचा भार पुलाच्या खांबांवरच द्यायचा आणि एक गाळा झाला की अख्खं सेंट्रिंग पुढच्या गाळ्यात सरकवायचं, ही पद्धत तिथे कामाला आली. आज तिला मूव्हेबल स्कॅफोल्डिंग सिस्टीम, थोडक्यात एमएसएस म्हणतात. नॉर्वे, पोर्तुगाल, चीन या देशांत अशी यंत्रं बनतात.

एक गाळा कसा होतो, ते जवळून पाहण्यासारखं आहे. खांबांना दोन्ही अंगांनी भक्कम ब्रॅकेट बसवलेले असतात. त्यांवर दोन लांबलचक पोलादी गर्डर टेकतात आणि त्यांच्यामध्ये शटरिंगचा साचा असतो. काही यंत्रांत गर्डर पुलाच्या वर असतो आणि साचा त्याला खाली टांगलेला असतो. खाली रस्ता किंवा रेल्वे असेल आणि जागा कमी असेल, तर ही दुसरी तऱ्हा सोयीची पडते. साच्यात सळईचा पिंजरा बसतो, ताणायच्या केबलींसाठी नळ्या जातात आणि मग पंपाने काँक्रीट चढतं. गर्डर पोलादी असले तरी ओल्या काँक्रीटच्या वजनाने वाकतात. ते किती वाकतील याचा हिशेब आधीच करून साचा मधोमध तेवढा उचलून ठेवतात. काँक्रीट भरत जातं तसा साचा खाली येत जातो आणि शेवटी नकाशातल्या रेषेवर येऊन थांबतो. हा हिशेब चुकला तर पुलावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला तो कायमचा जाणवत राहतो.

काँक्रीटला पुरेशी ताकद आली की केबली ताणतात. आता गाळा स्वतःचं वजन स्वतः पेलू लागतो. मग जॅक उतरवून साचा काँक्रीटपासून सोडवतात आणि तो मधोमध उघडून दोन्ही बाजूंना सरकवतात, कारण पुढे जाताना वाटेत खांब असतो. गर्डरच्या पुढच्या टोकाला हलकं नाक जोडलेलं असतं. ते आधी पुढच्या खांबावर पोचतं आणि मागचा अवजड भाग रोलरवरून हळूहळू त्याच्यामागे येतो. पुढे पोचल्यावर साचा पुन्हा मिटतो आणि पुढच्या गाळ्याची सळई लागू लागते. पहिल्या गाळ्यांना वेळ लागतो. माणसांचा हात बसला की आठवडा ते दोन आठवड्यांत एक गाळा उतरतो.

दोन टप्प्यांच्या काँक्रीटमधला सांधा नेमका खांबावर घेत नाहीत, हेही लक्षात घेण्याजोगं आहे. अखंड पुलात खांबाच्या डोक्यावर वाकवणारा ताण सर्वात जास्त असतो. खांबापासून पुढच्या गाळ्याच्या साधारण पाचव्या हिश्शावर तो जवळपास शून्यावर येतो. म्हणून काँक्रीट खांब ओलांडून तिथवर नेतात आणि सांधा तिथे घेतात. पुढच्या वेळी सेंट्रिंगची मागची बाजू या पुढे आलेल्या टोकालाच टांगतात.

मग मेडशीच्या आसपासच्या ओढ्यांवर हे यंत्र का आणत नाहीत? कारण हिशेब जमत नाही. शेकडो टनांचं यंत्र आणायचं, जोडायचं, तपासायचं आणि सुटं करायचं, हा खर्च ओळीने अनेक सारखे गाळे असतील तरच फिटतो. दोन-तीन गाळ्यांच्या पुलाला कारखान्यात किंवा रस्त्याकडेला ओतलेले तयार गर्डर क्रेनने बसवणं हाच शहाणपणाचा मार्ग आहे. लांब दऱ्या, रुंद नदीपात्रं आणि दलदलीचे खाडीकाठ हे एमएसएसचं खरं क्षेत्र.

महाराष्ट्राने जमिनीवर टेकू न लावता पूल बांधण्याच्या याच घराण्यातल्या दुसऱ्या पद्धती वापरल्या आहेत. कोकण रेल्वेचा रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल 424 मीटर लांब आणि सुमारे 64 मीटर उंच आहे. तिथे पुलाचा तुकडा काठावर ओतायचा आणि तयार झालेला सगळा पूल जॅकने दरीवर पुढे ढकलायचा, अशी रीत होती. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी 40 मीटरचा अख्खा गाळा यार्डात ओततात. त्यात 390 घनमीटर काँक्रीट जातं आणि वजन 970 टनांच्या घरात भरतं. डहाणू तालुक्यातल्या साखरे इथे असे गाळे लाँचिंग गॅन्ट्रीने खांबांवर चढवले गेले. अटल सेतूवर तयार तुकडे एकेका गाळ्यात ओवून ताणले. मार्ग निराळे असले तरी खालची जमीन मोकळी ठेवायची, हा हेतू सगळीकडे एकच.

या यंत्रांचा सर्वात नाजूक काळ काँक्रीट ओतण्याचा असेल असं वाटतं. पण यंत्र सरकतं तेव्हा टेकायच्या जागा बदलतात, तोल बदलतो आणि एकेका बोल्टवर येणारा भार मिनिटागणिक वेगळा असतो. स्पेनमध्ये आल्मुन्येकारजवळ नोव्हेंबर 2005 मध्ये महामार्गाच्या पुलावर सेंट्रिंगचा भाग कोसळून सहा कामगार गेले. आपल्याकडे शहापूर तालुक्यातल्या सरळांबे इथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर 31 जुलै आणि 1 ऑगस्ट 2023 च्या मधल्या रात्री गर्डर लाँचर कोसळला आणि 20 जणांचा जीव गेला. ते यंत्र तयार तुकडे बसवणारं होतं, पण त्याचं खांबावरून खांबावर जाणं याच जातीचं. मरणाऱ्यांत बहुतेक जण घरापासून दूर, रोजंदारीवर आलेले असतात. त्यांच्या जिवाची किंमत निविदेतल्या दिवसांच्या हिशेबात कुठेच धरलेली नसते, आणि ही गोष्ट मान्य करता येण्यासारखी नाही.

सेंट्रिंग आणि तात्पुरत्या बांधकामासाठी भारतीय रस्ते काँग्रेसची आयआरसी 87 ही मार्गदर्शिका आहे. तिच्यापुढे जाऊन प्रत्येक मोठ्या पुलाच्या करारात तीन अटी असाव्यात. यंत्राचं डिझाइन कंत्राटदाराशी संबंध नसलेल्या अभियंत्याने तपासावं. यंत्र सरकवण्याचं काम दिवसाउजेडीच व्हावं. आणि ते सरकत असताना त्याच्यावर किंवा खाली, त्या कामाला लागतील त्याहून एकही माणूस जास्त असू नये.