शुद्धीवर आहे म्हणजे ठीक आहे?

क्रीडावैद्यकाच्या परिषदा म्हणजे डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी वाचलेले शोधनिबंध, त्यांचा संबंध ऑलिंपिकवाल्यांशी, असा समज आपल्याकडे पक्का आहे. कल्याणच्या सुभाष मैदानावर किंवा डोंबिवलीच्या सावळाराम महाराज क्रीडा संकुलात खेळणाऱ्या मुलांना त्यांचा काय उपयोग? उपयोग आहे, आणि तो जिवाशी निगडित आहे. खेळात डोक्याला बसणाऱ्या माराबद्दल, म्हणजे कन्कशनबद्दल, पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २००१ मध्ये व्हिएन्नात झाली आणि सहावी २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला. तिथे ठरलेली मार्गदर्शक तत्त्वे शाळकरी खेळाडूपासून व्यावसायिकापर्यंत सगळ्यांसाठी आहेत.

कबड्डीत पकड होते, चढाईपटूचे डोके कुणाच्या तरी गुडघ्यावर आपटते. तोंडावर पाणी मारतात, तो उठून बसतो, मग 'शुद्धीवर आहे ना, काही झालं नाही' म्हणत त्याला पुन्हा खेळायला पाठवतात. पण कन्कशनमध्ये शुद्ध हरपणाऱ्यांचे प्रमाण दहात एकाहूनही कमी आहे. लक्षणे काही मिनिटांनी, कधी काही तासांनी दिसतात. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेराच्या टी-२० सामन्यात रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू आदळला. तो डाव संपेपर्यंत खेळला आणि नंतर त्याला चक्कर जाणवली. त्याच्या जागी फिरकीपटू चहल उतरला, तो कन्कशन झालेल्या खेळाडूऐवजी बदली खेळाडू देण्याच्या, आयसीसीने २०१९ मध्ये आणलेल्या नियमामुळे. हेल्मेट असले की झाले, हा समजही इथेच मोडतो. हेल्मेट कवटी वाचवते, आणि म्हणून ठाण्याच्या दहीहंडीत ते हवेच. पण कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका ते पूर्णपणे थांबवू शकत नाही. सीटी स्कॅनचेही तसेच. तो रक्तस्राव आणि फ्रॅक्चर शोधतो. कन्कशन त्यात दिसत नाही, म्हणून 'नॉर्मल' रिपोर्ट म्हणजे खेळायची परवानगी नव्हे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, डॉक्टर दर काही वर्षांनी मत बदलतात. खरे आहे, पूर्वी अंधाऱ्या खोलीत पूर्ण विश्रांती सांगत, आता पहिले दोन दिवस मोबाइल-टीव्ही कमी करून हलके चालणे चांगले मानतात. पुरावे तपासून चूक सुधारणे हेच तर या परिषदांचे काम. संशय आला तर त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही, हा नियम मात्र पक्का आहे. दुसरा आक्षेप अधिक रास्त: वस्तीतल्या स्पर्धेला डॉक्टर आणायचा कुठून? नेमके यासाठीच ॲमस्टरडॅमनंतर डॉक्टर नसलेल्यांना वापरता येईल असे एक तपासणीपत्रक सुधारून दिले गेले. त्यातले प्रश्न साधे आहेत: आपण कोणत्या मैदानावर आहोत, शेवटचा गुण कोणी घेतला, मागचा सामना कोणाशी होता? उत्तर चुकले, तर मुलगा बाहेर. उत्तर बरोबर आले, पण डोके दुखते, गरगरते किंवा अंधूक दिसते, तरीही बाहेरच. वारंवार उलटी, झटका, वाढती डोकेदुखी, मानदुखी किंवा हातापायात अशक्तपणा असेल तर थेट रुग्णालय गाठायचे.

हे पत्रक छोटेसेच आहे. संघाचे प्रशिक्षक आणि दहीहंडी पथकांचे प्रमुख यांनी ते मराठीत करून पंचांच्या टेबलावर ठेवावे, आणि पालकांनी प्रवेशअर्ज भरताना ते मागावे.