चालवणारा कुठं बसणार?

सकाळी ६.१५. हडपसरहून पीएमपीने आलेल्या सिस्टर कपडे बदलतात. निळा सुती ड्रेस, टोपी, रबरी चपला. वय चौतीस, ऑपरेशन थिएटरमध्ये सात वर्षं. हातात एकतीस हजार पडतात. रोबोटचं ट्रेनिंग झालं तेव्हा त्यात दोन हजारांची भर पडली. पहिली केस डाव्या किडनीची. गाठ सव्वातीन सेंटिमीटरची. गाठ तेवढी काढायची, किडनी ठेवायची.

६.४०. दा विंची नावाचा हा रोबोट कोपऱ्यातून मधे येतो. वॉर्डबॉय मामांनी फरशी आधीच पुसून घेतलीय. चार हातांवर निर्जंतुक प्लास्टिक चढवायचं. एक सिस्टर हात धुऊन, गाऊन घालून आतून, दुसरी बाहेरून. आवरण कशाला नुसतं टेकलं तरी ते फेकायचं आणि नवं फोडायचं. म्हणून दोघी बोलत नाहीत. मग अवजारं मोजली जातात. कात्रीच्या आत चिप असते. ती वापर मोजते. दहा झाले की कात्री कितीही धारदार असो, यंत्र ती घेतच नाही. इथं त्याला ‘लाइफ’ म्हणतात. आजच्या कात्रीच्या तीन लाइफ उरल्यात.

७.३०. पेशंट एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, साताऱ्याकडचे. ना दुखलं, ना लघवीतून रक्त गेलं. गॅसेससाठी सोनोग्राफी केली, त्यात गाठ दिसली. अशा बऱ्याच गाठी अशाच सापडतात. टेबलावर आडवं होताना ते विचारतात, “सिस्टर, चालवणारा कुठं बसणार?” सिस्टर कोपऱ्यातल्या कन्सोलकडे बोट दाखवतात. “एवढ्या लांबून? बरं आहे बुवा.” मग भूल.

८.१०. आता खरी अंगमेहनत. ऐंशी किलोचा बेशुद्ध माणूस उजव्या कुशीवर वळवायचा, डावी बाजू वर. पाच जण लागतात. काखेखाली गुंडाळी, गुडघ्यांमध्ये उशी, कमरेवर रुंद पट्टा. टेबल मधे वाकवायचं, म्हणजे बरगडी आणि कमरेतली जागा उघडते. एखादी नस दाबली गेली तर हात पुढे कितीतरी दिवस बधिर राहतो. मामा कोपर पुन्हा एकदा तपासतात. वर्तमानपत्रात फोटो येतो तो कन्सोलचा. ही उचलाउचल कुणी छापत नाही.

९.०५. पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. आठ मिलिमीटरची चार छिद्रं, असिस्टंटसाठी एक वेगळं. रोबोटचे हात जोडले जातात. सर्जन सर कन्सोलवर बसतात. त्यांचा हात हलला की आतली कात्री हलते. आपणहून ती काहीच करत नाही. अवजार बदलायचं तर ते सिस्टरनेच काढायचं, पुसायचं, दुसरं घालायचं. कॅमेऱ्यावर वाफ धरली तरी त्यांनाच हाक.

१०.५२. आतडं बाजूला झालंय, धमनी सुटी झालीय. सोनोग्राफीच्या छोट्या प्रोबने गाठीची हद्द आखून झालीय. “क्लॅम्प.” किडनीची धमनी चिमट्यात. रक्त बंद. बाहेरची सिस्टर घड्याळाकडे बघत उभी. पंचवीस-तीस मिनिटांच्या आत सोडायचं, नाहीतर वाचवलेली किडनीच दुखावते. “पाच मिनिटं, सर.” कात्री गाठीच्या कडेकडेनं फिरते. “दहा.” गाठ सुटली. आता टाके. सुई आत द्यायची, वापरलेली बाहेर घ्यायची, प्रत्येक सुई मोजायची. “पंधरा.” कुणी खोकत नाही.

११.११. क्लॅम्प निघाला. एकोणीस मिनिटं. करडी पडलेली किडनी पुन्हा लाल होते. सर पोटातला दाब कमी करायला सांगतात. दाबाखाली लपलेलं रक्त तेव्हाच दिसतं. थांबून बघतात. कोरडं आहे.

१२.०५. गाठ पिशवीत घालून, एक छिद्र थोडं वाढवून बाहेर. फॉर्मॅलिनची बरणी, लेबल, दोघींच्या सह्या. कापसाचे तुकडे आणि सुया मोजून पूर्ण.

१२.४०. धुण्याच्या खोलीत मावशी. रोबोटची अवजारं साध्या चिमट्यासारखी नुसती घासून भागत नाही. एन्झाइमच्या पाण्यात भिजवायची, नळीने आत पाणी सोडायचं, टोक हलवत ब्रश मारायचा. घाई केली की सांध्यात रक्त सुकतं. रजिस्टरमध्ये सिस्टर लिहितात : कात्री, उरलेल्या लाइफ दोन.

१.३०. डबा. चपाती, गवारीची भाजी. बारा मिनिटांत संपतो. दुसरी केस प्रोस्टेटची आहे.

४.२०. ड्यूटी संपवून सिस्टर खाली येतात. बिलिंगच्या खिडकीशी पेशंटचा मुलगा कागद घेऊन उभा. “सिस्टर, पॉलिसी पाच लाखांची आहे. मग रोबोटचे एवढेच कसे मंजूर?” सिस्टर कागद घेतात आणि बारीक अक्षरातली ओळ दाखवतात. आरोग्य विम्यात रोबोटिक शस्त्रक्रिया धरलेली असते, पण तिच्यासाठी कंपनी वेगळी कमाल रक्कम ठरवू शकते. वरचे पैसे घरचे. तुमच्याकडे पॉलिसी असेल तर ती ओळ आजच शोधून वाचा, आणि भरती होण्याआधी खर्चाचा अंदाज हॉस्पिटलकडून लेखी मागून घ्या.